पाण्यात उभा असलेला ऊस तहानेनं का वाळतो?

कृष्णाकाठ | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबेल.

आमचं रान मिरज तालुक्यात, नदीपासून फार लांब नाही. काळी जमीन, तीन एकर, सलग ऊस. आजोबांच्या काळात इथं शाळू आणि हरभरा व्हायचा. पाणी आलं, तसा ऊस आला, तो आजतागायत. त्यातला खालचा वीस-बावीस गुंठ्यांचा तुकडा तीन वर्षांपासून मागं पडत चाललाय. यंदा आडसाली (दीड वर्षात तुटणारी) लागण आहे. वरच्या अंगाचा ऊस डोक्याच्या वर गेला, खालचा छातीलाही लागत नाही. पानांच्या कडा करपल्यात. वरंब्याच्या डोक्यावर पांढरी पापडी धरलीय, बोटानं खरवडली की पीठ हाताला येतं.

नवल ह्याचं वाटतं की हा तुकडा कायम ओला असतो. सरीत पाय टाकला की चप्पल रुतते. आणि ऊस मात्र दुष्काळातल्यासारखा दिसतो, दुपारी पानं गुंडाळून सुरळी करून उभा राहतो.

मी काय काय केलं तेही सांगतो. पाणी कमी पडत असेल म्हणून पाण्याची पाळी लवकर धरली. फरक नाही. मग खताच्या दुकानात विचारलं. त्यांनी युरियाची आणखी दोन पोती आणि कसलीशी एक बाटली दिली. ती घातल्यावर पंधरा दिवसांत कडा जास्तच करपल्या.

गेल्या रविवारी तासगावकडं दाजींच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो होतो. तिथं उलटं काम चाललेलं. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे तीन किलो पाणी वाऱ्यावर सोडायचं. एवढ्याशा मण्यातनं पाणी बाहेर काढायला पंधरा दिवस आणि एवढी माणसं. येताना गाडीवर हेच डोक्यात घोळत होतं. मण्याची साल पाणी बाहेर सोडत नाही आणि माझ्या उसाची मुळी ओल असून आत घेत नाही. दोन्हीच्या मागं काहीतरी एकच असणार असं वाटतंय. कुणी नीट उलगडून सांगेल का? औषधाचं नाव नको, कारण पाहिजे.

बेदाणावाला | १८ फेब्रुवारी, रात्री १०:२५

भाऊ, मातीचं जाणकार सांगतील, मी मण्याचं सांगतो. बावीस हंगाम झाले ह्या कामात.

पिकलेल्या मण्यावर पांढरट धूसर थर असतो बघा, अंगठ्यानं पुसला की खालचा चकचकीत रंग दिसतो. ते मेण. मण्याचा रेनकोटच म्हणा. तो शाबूत असेल तर मणी जाळीवर टाकून ठेवला तरी दुपटीनं वेळ घेतो, आणि मधे ढगाळ हवा आली तर काळा पडतो, बुरशी धरते. म्हणून आपण डिपिंग करतो. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल. हे तेल म्हणजे इथाइल ओलिएट. क्रेट त्यात दोन ते चार मिनिटं बुडवायचा, निथळायचा आणि रॅकवर पसरायचा. तेवढ्यानं मेणाची घडी विस्कटते. साल फाटत नाही हे महत्त्वाचं. साल फाटली तर रस गळतो, माल चिकट होतो, माश्या बसतात. साल शाबूत, फक्त मेणाच्या पापुद्र्यांमधनं वाफेला वाट मिळते.

मग शेडमध्ये सावलीत, वारा खेळता ठेवून चौदा-पंधरा दिवस. तिसऱ्या दिवशी मणी मऊ पडतो, सहाव्या दिवशी सुरकुत्या येतात. मुठीत दाबून सोडला की मणी मोकळे झाले पाहिजेत, तेव्हा ओल १५ टक्क्यांच्या आसपास आलेली असते. त्याहून ओला माल खोक्यात भरला की आतल्या आत घाम सुटतो.

ह्याला आपल्याकडं ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणतात. भूमध्य समुद्राकाठची माणसं फार पूर्वीपासून लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल वापरून हेच करत होती. राखेत पोटॅशच की.

एक माझाही प्रश्न आहे. काढणीला आलेल्या बागेवर अवकाळी पडला की मणी तडकतात. मुळीनं पाणी ओढलं म्हणून तडकतात म्हणावं, तर पाऊस पडून तासाभरातच चिरा दिसतात. एवढ्या लवकर मुळीचं पाणी वर येतं का?

प्रयोगवही | १९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

कृष्णाकाठ, तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. वाळताना मण्याचं पाणी मेण अडवतं, ते काकांनी सांगितलंच. पण तुमच्या मुळीची तहान आणि काकांचा मणी तडकणं, ह्यांच्या मागचं कारण एकच आहे. मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पुस्तकात ह्याला परासरण म्हणतात, आणि मुलं व्याख्या पाठ करतात. व्याख्या सोडा. मी वर्गात काय दाखवते ते सांगते.

जांभळ्या कांद्याच्या पाकळीची वरची पातळ साल चिमट्यानं ओढून काढायची. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. विटांच्या भिंतीसारख्या पेशी दिसतात, प्रत्येक वीट काठोकाठ जांभळ्या रंगानं भरलेली. आता एका कडेनं मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो सालीखालून ओढून घ्यायचा. मिनिट-दोन मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटायला लागतो. आधी कोपऱ्यात फट पडते, मग सगळा रंग आक्रसून विटेच्या मधोमध गोळा होऊन बसतो. वीट तशीच, आतलं माणूस मात्र अंग चोरून बसलेलं. पेशीतलं पाणी मिठाकडं निघून गेलं. लगेच साधं पाणी सोडलं तर रंग पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. उशीर केला तर टेकत नाही, कारण पेशी मेलेली असते.

पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो पाणी सहज जाऊ देतो, मीठ-साखर तशी जाऊ देत नाही. मग पाणी जिकडं विरघळलेलं जास्त तिकडं सरकतं. जिवंत पेशीत पाणी ढकलायला पंप नाही. क्षार आत-बाहेर करायला पंप आहेत, त्यांना ऊर्जा लागते, आणि क्षार गेले की पाणी त्यांच्यामागं जातं. पाण्यासाठी पडद्यात खास वाटाही आहेत. त्या शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्री यांना २००३ चं नोबेल मिळालं.

ह्या ओढीकडं माणसाचं लक्ष फार आधी गेलं होतं. १७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले नावाच्या पाद्र्यानं मद्यार्कानं भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयानं बांधलं आणि ते पाण्यात बुडवून ठेवलं. काही तासांनी ते कातडं घुमटासारखं फुगलं. पाणी आत शिरत होतं, मद्यार्काला बाहेर पडायची वाट तेवढी मोकळी नव्हती.

आता तुमचा ऊस. मुळीच्या पेशीत मातीच्या पाण्यापेक्षा क्षार-साखर जास्त असते, म्हणून पाणी मातीतून मुळीत येतं. ती पांढरी पापडी म्हणजे मीठ आहे. मातीतलंच पाणी खारट झालं की ओढ कमी होते. फार खारट झालं तर कांद्याचं झालं तेच मुळीचं होतं. समोर पाणी आहे, पण ते मुळीच्या ओढीला दाद देत नाही. समुद्रात अडकलेल्या माणसाला पाणी असून तहान लागते, तसंच हे.

युरियानं का बिघडलं तेही ह्यातच आलं. खतही मिठासारखंच पाण्यात विरघळतं. तुम्ही मुळीसमोरचं पाणी आणखी जड केलंत.

बेदाणावाले काका, तुमचं निरीक्षण अचूक आहे. पिकलेल्या मण्यात वीस टक्के साखर असते आणि पावसाचं पाणी जवळजवळ शुद्ध. देठाजवळून आणि सालीतल्या बारीक चिरांमधून ते थेट आत ओढलं जातं. मुळीचं पाणीही येतं, पण पहिल्या तासाचा घाव सालीतूनच बसतो. साल ताणायची मर्यादा संपली की मणी फुटतो.

कृष्णाकाठ | १९ फेब्रुवारी, दुपारी १:१०

मॅडम, हे वाचून जेवण थंड झालं. तिसऱ्यांदा वाचतोय. पण एक अडतंय. वरच्या अंगाच्या सरीतही पाणी जास्त झालं की ऊस पिवळा पडतो, आणि तिथं पापडी नाही. मग नुसत्या जास्त पाण्यानं काय होतं?

वारणाकाठ | १९ फेब्रुवारी, दुपारी २:३०

एवढं खोलात कशाला जायचं? आमच्याकडं सगळे जिप्सम टाकतात. एकरी दोन टन जिप्सम टाका, विषय संपला.

माती_पाणी | १९ फेब्रुवारी, रात्री ८:१५

वारणाकाठ, थांबा. असंच सांगून लोकांचे पैसे जातात. मी तीस वर्षं माती तपासण्याचं काम केलंय, आता निवृत्त आहे.

क्षारपड आणि चोपण ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. क्षारपड जमिनीत विरघळणारं मीठ जास्त, वर पांढरी पापडी, माती तशी भुसभुशीत. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू (pH) साडेआठच्या वर जातो, माती ओली असताना साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की दगड. पाणी वर साचून राहतं, झिरपत नाही. जिप्सममधला कॅल्शियम कणावरच्या सोडियमला हुसकतो, म्हणून ते चोपणाचं औषध. नुसत्या क्षारपड रानात जिप्सम टाकणं म्हणजे मिठात मीठ घालणं. आणि चोपणात टाकलं तरी सुटलेला सोडियम वाहून जायला निचरा लागतोच. निचरा नसेल तर तो तिथंच फिरत राहतो.

कृष्णाकाठ, आधी माती तपासा. नमुना वरच्या वीतभर थराचा वेगळा, दोन फुटांवरचा वेगळा. अहवालातली विद्युत वाहकता (विरघळलेलं मीठ जास्त तसा हा आकडा मोठा) आणि सामू बघा. एक सावधगिरी सांगतो. पुस्तकात ४ च्या वर क्षारपड असं लिहिलेलं असतं, ते संपृक्त अर्काचं, म्हणजे माती जेमतेम पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याचं माप आहे. आपल्याकडच्या बऱ्याच अहवालांत एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं द्रावण करून मोजतात. ते पातळ, त्यामुळं आकडा लहान येतो. तिथं २ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

मीठ येतं कुठून, तेही बघा. नदीच्या किंवा विहिरीच्या प्रत्येक पाण्यात थोडं मीठ असतंच. पीक पाणी उचलतं, मीठ बहुतेक मागंच ठेवतं. उसानं घेतलेल्या शंभर लिटर पाण्यातलं पंचाण्णव लिटरपेक्षा जास्त पानांतून वाफ होऊन जातं. खाली भूजल वर आलेलं असलं की काळी माती दिव्याच्या वातीसारखी ते वर खेचते, उन्हानं पाणी उडतं आणि मीठ वरंब्याच्या डोक्यावर राहतं. पापडी तिथंच का धरते ते कळलं ना? तो वातीचा शेंडा आहे. तुम्ही पाळी लवकर धरलीत, म्हणजे वातीला आणखी तेल घातलंत.

रात्रपाळी | २० फेब्रुवारी, पहाटे ४:०५

शेतीतलं मला कळत नाही, पण हा धागा सोडवत नाहीये. मी मिरजेत डायलिसिस विभागात तंत्रज्ञ आहे. वरचं सगळं मी रोज मशिनवर बघतो.

आमच्या गाळणीत केसासारख्या हजारो पोकळ नळ्या असतात. नळीच्या आतून पेशंटचं रक्त, बाहेरून स्वच्छ द्रव, दोन्ही उलट्या दिशांनी. मधल्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं की युरिया (खताचा नव्हे, रक्तात साचणारा टाकाऊ) निघून जातो, रक्तपेशी जात नाहीत. बाहेरच्या द्रवात युरिया शून्य ठेवलेला असतो, म्हणून तो आपोआप बाहेर सरकतो. सोडियम रक्ताइतकाच ठेवतो, म्हणून तो जागचा फारसा हलत नाही. मिनिटाला साधारण ५०० मिली द्रव, चार तास, म्हणजे एका पेशंटला एका बैठकीत सव्वाशे लिटरच्या आसपास द्रव लागतो. आणि हे आठवड्यातून तीनदा केलं तरी निरोगी मूत्रपिंडाची बरोबरी होत नाही. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला १८० लिटर गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं मोजून परत घेतात. एकेकात दहा लाखांच्या आसपास गाळण्या.

पहिलं असं यंत्र नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी ढोलावर गुंडाळून बनवलं.

मॅडमचं वाचून एक गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. पोटातल्या पडद्याचं डायलिसिस असतं ना, घरी करायचं, त्यात पोटात दोन लिटर साखरेचं पाणी सोडतात. शरीरातलं जादा पाणी काढायचं असेल तर जास्त साखरेची पिशवी. मी वर्षानुवर्षं पेशंटना 'पिवळी पिशवी, हिरवी पिशवी' असं सांगत आलो. साखर पाण्याला ओढते म्हणून ती पिशवी, आणि साखर पाण्याला ओढते म्हणून द्राक्ष तडकतं. एकच गोष्ट की ही.

आशाताई_वाळवा | २० फेब्रुवारी, सकाळी ११:२०

रात्रपाळी दादा, साखर पाण्याला ओढते हे मी पुरात बघितलंय.

२०१९ ला पूर ओसरल्यावर आमच्या भागात जुलाबांची साथ आली होती. मी घरोघरी ओआरएसची पाकिटं देत होते. एका घरी दीड वर्षाचं लेकरू, पाकीट देऊनही जुलाब थांबेनात, उलट वाढले. मी म्हटलं दाखवा कसं करता. आईनं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलेलं. लेकरू थोडंच पितं, मग तेवढ्यात सगळी ताकद गेली पाहिजे, असा तिचा हिशेब. मायेनंच केलं होतं. पण इतकं दाट पाणी आतड्यात गेलं की ते आतड्याच्या भिंतीतनंच पाणी ओढून घेतं. एक पाकीट, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, आणि चमच्या-चमच्यानं. दुसऱ्या दिवशी लेकरू बसतं झालं.

प्रशिक्षणात सांगितलं होतं की आतड्यात मीठ आणि साखर हातात हात घालूनच आत जातात आणि पाणी त्यांच्यामागं जातं, म्हणून दोन्ही लागतात आणि मापातच लागतात. १९७१ मध्ये बांगलादेशातले निर्वासित आले तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी सलाइन संपल्यावर हेच पाणी पिंपांतून भरून पाजलं आणि हजारो जीव वाचवले. मी हे नाव प्रत्येक घरी सांगते.

शेततळं | २० फेब्रुवारी, रात्री ९:००

आमच्या तळ्यात मासे आहेत. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडं मारतात, दिवस वर आला की खाली जातात. हेही ह्यातच येतं का?

प्रयोगवही | २० फेब्रुवारी, रात्री १०:४५

येतं, आणि कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

पाण्यात ऑक्सिजन फार थोडा मावतो. पंचवीस अंश तापमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम, आणि पाणी तापलं की आणखी कमी. तेवढ्याच हवेत ह्याच्या तीस-पस्तीस पट असतो. म्हणून माशाचे कल्ले इतके काटकसरी. कल्ल्यांतलं रक्त एका दिशेनं आणि पाणी उलट दिशेनं वाहतं (रात्रपाळींच्या गाळणीसारखंच), त्यामुळं शेवटच्या टोकापर्यंत देवघेव चालू राहते. मासा पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. आपण श्वासात घेतलेल्या ऑक्सिजनमधला जेमतेम चौथा हिस्सा वापरतो. तुमच्या तळ्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, रात्री तेही श्वासच घेतं. रात्रभर सगळ्यांनी मिळून वापरला की पहाटे तळ रिकामा. पंखा लावायचा तर मध्यरात्रीनंतर लावा, दुपारी नको.

आता मुळी. तीही श्वास घेते, हे आपण विसरतो. झाडाला फुप्फुस नाही की कल्ले नाहीत. पानाचा श्वास पानापाशी, खोडाचा खोडापाशी, मुळीचा मुळीपाशी. मातीच्या कणांमधल्या फटींतून हवा मुळीपर्यंत येते. त्या फटी पाण्यानं भरल्या की ऑक्सिजनला पाण्यातून सरकत यावं लागतं, आणि पाण्यात तो हवेपेक्षा दहा हजार पट हळू सरकतो. दोन-तीन दिवसांत मुळी गुदमरते. गुदमरलेल्या मुळीत आम्ल साचतं, आणि त्या आम्लानं पडद्यातल्या पाण्याच्या वाटा बंद होतात. क्षार उचलणारे पंपही थंडावतात. म्हणून वर पानं सुकतात. सगळे म्हणतात पाणी द्या. मुळी म्हणत असते हवा द्या.

तुमच्या खालच्या तुकड्यात दोन्ही आहे, मीठही आणि गुदमरही.

कृष्णाकाठ | २० फेब्रुवारी, रात्री ११:३०

वापसा!

मॅडम, आजोबा ह्यालाच वापसा म्हणायचे. मूठभर माती घेऊन दाबायची, लाडू झाला पाहिजे, आणि कमरेएवढ्या उंचीवरनं सोडला की फुटला पाहिजे. फुटला नाही तर रानात पाय टाकायचा नाही, ना कुळव ना पेरणी. मी आजवर समजत होतो की वापसा म्हणजे औतं चालवण्यापुरती ओल. ती मुळीच्या श्वासाची खूण होती हे आज कळलं. आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजला होतो, त्यांना कधी विचारलं नाही.

वारणाकाठ | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

जिप्समचं बोललो ते चुकलं, माती_पाणी सर. मी स्वतः दोन वर्षं टाकलंय, सामू न बघता.

पुराच्या बाबतीत एक सांगतो. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमचा ऊस आठ दिवस पाण्यात होता. ज्याचा शेंडा पाण्याच्या वर राहिला तो तगला, ज्याचा बुडाला त्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गाळ बसून तो कुजला. तगलेल्या उसाला पाण्यातल्या कांड्यांवर मुळ्यांच्या दाढ्या फुटल्या होत्या. तेव्हा वाटलं ऊस बिघडला. आता वाटतं, तो श्वास घ्यायची धडपड करत होता.

प्रयोगवही | २१ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

अगदी तसंच. त्या नव्या मुळ्यांत हवेच्या पोकळ्या असतात. भाताच्या मुळीत त्या जन्मापासून असतात, म्हणून भात चिखलात सुखानं राहतो.

जतकर | २१ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

तुम्हाला पाणी जास्त झाल्याची तक्रार, आम्हाला ते बघायला मिळत नाही. आमच्याकडं ड्रॅगन फ्रूट लावलंय. त्या झाडाची श्वासाची छिद्रं दिवसा बंद असतात आणि रात्री उघडतात असं ऐकलं, खरं का?

प्रयोगवही | २१ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

खरं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला छिद्र उघडावं लागतं, आणि छिद्र उघडलं की आतली वाफ बाहेर पडते. एक घ्यायचं तर दुसरं द्यावं लागतं, ह्यातून कुठल्याच झाडाची सुटका नाही. निवडुंगाच्या कुळातली झाडं हा सौदा रात्री, गारव्यात करतात. कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून, उजेडात त्याची साखर करतात. वाढ सावकाश होते, पण पाणी वाचतं. ऊस तिसरीच युक्ती करतो. तो दिवसाच छिद्रं उघडतो, पण आत आलेला कार्बन डायऑक्साइड आधी दाबून एका जागी गोळा करतो, त्यामुळं गव्हा-भातापेक्षा कमी पाण्यात जास्त साखर बनवतो. उसाला पाणी खूप लागतं ते तो वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो म्हणून.

कासची_वाट | २२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

साताऱ्याहून एक भर. कासच्या सड्यावर (पठारावर) जांभ्या दगडावर बोटभर माती, पावसानं सगळं सत्त्व धुऊन नेलेलं. तिथल्या दवबिंदू नावाच्या किडेखाऊ रोपट्यानं मुळीवरचा भरवसा कमी करून पानांना चिकट थेंब लावलेत, किडा चिकटला की पान त्याच्यावर वळतं आणि नायट्रोजन किड्यातून घेतं. सीतेची आसवं ही निळी फुलं सगळ्यांना माहीत आहेत, पण तिच्या ओल्या मातीतल्या फुग्या कुणी बघत नाही. फुगी आतलं पाणी बाहेर काढून चपटी होऊन बसते आणि कुणी सूक्ष्म जीव दाराच्या केसाला शिवला की डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आत त्याला पाण्यासकट ओढून घेते. ऑगस्ट-सप्टेंबरात या, भिंगातून दाखवतो. गाडी बाहेर लावून चालत येणार असाल तरच.

माती_पाणी | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

कृष्णाकाठ, नमुना देताना एक खड्डाही घ्या. तीन फूट खोल, ऊस उभा आहे तिथंच. मुळ्या बघा आणि वास घ्या. पाणी किती फुटांवर लागतं ते मोजा. ह्याला खर्च काही नाही.

पांढरी मुळी किती खाली जाते हे बघायला सांगतोय, कारण खरी देवघेव तिथंच होते. जाड तपकिरी मुळ्या आधार द्यायला आणि वाहून न्यायला. पाणी-अन्न आत येतं ते टोकाजवळच्या पांढऱ्या भागातून आणि त्यावरच्या लवीतून. १९३७ मध्ये अमेरिकेत डिटमर नावाच्या माणसानं राय ह्या गव्हासारख्या धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळं धुऊन मोजली. सगळी मिळून सहाशे किलोमीटरच्या वर भरली, आणि लव जोडली तर दहा हजार किलोमीटरच्या वर. एका रोपाची. तुमच्या तुकड्यात त्यातलं किती जिवंत आहे, ते खड्डा सांगेल.

कृष्णाकाठ | १६ मार्च, रात्री ९:०५

मंडळी, अहवाल आला आणि खड्डाही झाला.

खालच्या तुकड्यात वाहकता २.६ (अडीच भाग पाण्याच्या मापानं), सामू ८.१. म्हणजे क्षारपड, चोपण नाही. जिप्समचे पैसे वाचले. वरच्या अंगाला ०.७.

खड्डा घेतला तेव्हा मी आणि चुलतभाऊ होतो. एक फुटापर्यंत मुळ्या दिसल्या, त्यातल्या बऱ्याच काळ्या. बोटात धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी तार राहते. वास गटारीचा. दोन फूट चार इंचांवर पाणी लागलं, ह्या मार्च महिन्यात. मग वरच्या अंगाला तसाच खड्डा घेतला. तिथं अडीच फुटांपर्यंत पांढऱ्या मुळ्या, मोडली की कडकन आवाज येतो, आणि मातीला पहिल्या पावसाचा असतो तसा वास. दोन्ही खड्ड्यांत पाऊणशे पावलांचं अंतर.

खालच्या बाजूनं सच्छिद्र पाइप टाकायचं ठरवलंय. एकट्यानं टाकून उपयोग नाही, कारण पाणी वरच्या तीन रानांतनं माझ्याकडं उतरतंय आणि नाला दोन रानं पलीकडं आहे. सहाजणांना बोलवलं, चौघं आले. त्यांना तो मोजा सुटलेला मुळीचा झुपका दाखवला. बोललो फार नाही. दोघं लगेच तयार झाले, एकजण ऊस तुटल्यावर सांगतो म्हणाला, चौथ्यानं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या रानात खड्डा घेतला आणि रात्री फोन केला.

तोपर्यंत बांधाच्या कडेनं साडेतीन फुटांचा उघडा चर काढलाय आणि पाळी लांबवलीय. चरात तिसऱ्या दिवसापासून पाणी झिरपायला लागलं. त्यातलं एक तांब्या पाणी घरी आणून परातीत ओतलं आणि माडीवर उन्हात ठेवलं. आज संध्याकाळी बघितलं तर परातीच्या तळाला पांढरी कड धरलीय, शाळेत खडूनं काढावी तशी. आईनं बोट लावून चाटून बघितलं आणि म्हणाली, अरे हे तर मीठ.

माती_पाणी | १६ मार्च, रात्री ९:५०

छान केलंत. चराची माती उताराच्या खालच्या अंगाला टाका, नाहीतर पावसात परत चरातच येईल. पाइप तीन-चार फूट खोल, भोवती गाळणीचं कापड आणि बारीक खडी, आणि नाल्याच्या तोंडाशी उतार आधी पातळी मोजायच्या दुर्बिणीनं काढून घ्या, डोळ्यानं नको. ऊस गेला की खोडवा (बुडख्यातनं फुटणारं पुढचं पीक) धरू नका. पावसाच्या तोंडावर धैंचा (हिरवळीचं खत) पेरा आणि फुलात गाडा. पावसाचं पाणी रानावरनं पळू देऊ नका, बांध घालून आत मुरवा. तेच मीठ धुऊन पाइपात नेईल. दिवाळीनंतर त्याच दोन खड्ड्यांच्या जागी पुन्हा नमुना घ्या, जागेला खुंट ठोकून ठेवा.

बेदाणावाला | १७ मार्च, सकाळी ६:३०

आमचं रॅक आज झाडायचं आहे, सोळावा दिवस. माल पिवळाधमक उतरलाय. कृष्णाकाठ, दाजींकडं याल तेव्हा इकडं पण या, आणि परातीतलं मीठ पुडीत घेऊन या. आमच्या खालच्या गावातल्या लोकांना दाखवायचंय.